भय्याजीले उतरवलं

सानगडीच्या बाजारचौकात पुंडलिकरावांचं शिलाईचं दुकान होतं. दिवसभर तिथं विजारी आणि पोलकी शिवली जायची, आणि दिवे लागले की देशातले नामांकित खेळाडू खाली उतरवले जायचे. मंडळींनी या खेळाला नावच 'उतरवणं' दिलं होतं. एकानं कुणा मोठ्या खेळाडूचं नाव घ्यायचं आणि लोक समजतात तेवढा तो मोठा कसा नाही, ते पटवून द्यायचं. बाकीच्यांनी त्या खेळाडूची बाजू घेऊन भांडायचं. सगळ्यांचे घसे बसले की पुंडलिकराव मशीनचं चाक हातानं थांबवून निकाल द्यायचे, उतरला किंवा राहिला. भांडण दुकानाच्या पायरीशी संपायचंच असंही नव्हतं. प्रकाश पदुकोणवरून दोन साडू अख्खा पावसाळा एकमेकांशी बोलले नव्हते.

या कामात भय्याजींचा हात धरणारा कोणी नव्हता. तळ्याखालची सगळ्यात चांगली जमीन त्यांच्या घरची, तळ्याच्या पाणीवाटपाचे प्रमुख तेच, आणि तरुणपणी तर ते कबड्डीतले गाजलेले गडी होते. साकोलीपासून गोंदियापर्यंत त्यांची चढाई बघायला लोक बैलबंड्या जुंपून यायचे. एकदा विदर्भाच्या संघातही त्यांची निवड झाली होती. गावातल्या पोरांनी क्रीडा मंडळ काढलं तेव्हा त्याला भय्याजींचंच नाव दिलं. आता त्यांनी चाळिशी ओलांडली होती, पोट सुटायला लागलं होतं, पण दुकानात ते शिरले की बाकावरची कडेची जागा आपोआप रिकामी व्हायची.

भय्याजी उतरवायला बसले की दयामाया नसायची. गावस्करबद्दल ते म्हणायचे, वर्ल्ड कपात साठ ओवर उभा राहून छत्तीस रन काढणाऱ्याला मी खेळाडू म्हणत नाही, तेवढ्या वेळात माझ्या बैलांनी धानाची अख्खी बांधी चिखलून दिली असती. मिल्खासिंगचं नाव निघालं की म्हणायचे, रोमला चौथा आला, आमच्या मंडईच्या जत्रेत चौथ्याला नारळसुद्धा देत नाहीत. त्या वर्षी, ब्याऐंशी साली, दिल्लीला एशियाड भरणार होतं आणि कबड्डी तिथं नुसती दाखवण्यापुरती ठेवली होती. त्याचाही राग भय्याजी एकेका खेळाडूवर काढत होते. कुणी उलट बोललंच तर ते एकच विचारायचे, तू कधी मैदानात उतरला होतास का?

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी हिरालाल आपला खाकी शर्ट न्यायला दुकानात आला. हिरालाल एसटीत ड्रायव्हर होता. साकोलीहून येणारी गाडी बरेचदा त्याच्याकडेच असायची. तोही गावचाच, भय्याजींच्या जुन्या संघातला. मोठ्या अंगपिंडाचा नव्हता, पण त्याच्या हातात एकदा समोरच्याचं मनगट किंवा घोटा आला की सुटायचा नाही, असं त्या काळी म्हणायचे. संघ मोडल्यापासून त्याचं आणि भय्याजींचं बोलणं म्हणजे रस्त्यात भेटले तर रामराम-जयभीम, एवढंच.

त्या दिवशी भय्याजींनी गावस्करला परत एकदा खाली आणला होता. मागच्याच महिन्यात त्यानं मद्रासला दीडशेच्या वर रन केले होते, पण ते लंकेच्या पोरांसमोर, असं म्हणून भय्याजींनी तेही निकालात काढले. लक्ष्मणराव, जुन्या संघातले दुसरे पकड करणारे, गावस्करच्या बाजूनं बोलून बोलून थकले होते. पुंडलिकरावांनी हिरालालचा शर्ट घडी करता करता सहज विचारलं की, तू तर गावोगाव फिरतोस, तू कुणाला उतरवतोस?

हिरालालनं शर्ट काखेत घेतला.

"भय्याजीले," तो म्हणाला.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं भय्याजीच हसले. हिरालाल मात्र हसला नाही, तेव्हा एकेकाचं हसू विरलं.

"सांग ना मंग," भय्याजी म्हणाले. "कायदा हाय इथला. नाव घेतलं का कारन द्या लागते."

"तुमी वाईट खेळत होते असं मी म्हनत नाई. चांगलेच खेळत होते. पन जेवढं नाव झालं तेवढा खेळ नव्हता. समोर सातही गडी उभे असताना तुमी कधी चढाईले गेले, ते आठवून पाहा. आमी चार-पाच जन धरून बाहेर बसवले का मंग तुमी उठत होते. मोकळ्या मैदानात दोघाच्या मधातून नाचून येनं सोपं हाय. लोकाईले नाचनंच दिसलं."

"आन धरत कोन होतं? तू?"

"मी धरत होतो. हे लक्ष्मणराव धरत होते."

एवढं बोलून हिरालालनं पुंडलिकरावांना शिलाई दिली आणि तो निघून गेला. आवाज चढवला नाही, की मागं वळून पाहिलं नाही. भय्याजींनी बाकावर जरा सरकून बसत पुंडलिकरावांकडे पाहिलं. आता हा 'राहिला' म्हणेल, म्हणजे विषय संपेल. पुंडलिकरावांनी मशीनचं चाक थांबवलं नाही. त्यांनी दोऱ्याचं टोक तोंडात ओलं केलं, सुईत ओवलं आणि एक बाही खाली सरकवून शिवायला घेतली. निकाल आलाच नाही.

भय्याजी घरी गेले ते डोक्यात कुणी घण घालत असल्यासारखे. ताटावर बसले आणि दोन घास खाऊन उठले. सत्यभामाबाईंनी काय झालं विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, आणि हिरालालच्या बोलण्यात चार शिव्या आपल्या पदरच्या घालून सांगितलं. मग म्हणाले, "तूच सांग, हा मानूस खरं बोलते का?"

सत्यभामाबाई भांडी गोळा करत होत्या. "मले काय मालूम जी," त्या म्हणाल्या. "लगन झालं तवा तुमी खेळनं सोडलं होतं. मी तुमचा खेळ कधी पाह्यलाच नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भय्याजी लक्ष्मणरावांच्या बांधीवर जाऊन उभे राहिले. लक्ष्मणराव बांधावरचं गवत कापत होते. भय्याजींनी आडवळण न घेता विचारलं. लक्ष्मणरावांनी विळा खाली ठेवला, कपाळ पुसलं, आणि म्हणाले की एवढ्या जुन्या गोष्टी आता कुणाला नीट आठवतात. भय्याजी म्हणाले, तुला आठवत नसेल तर नाही म्हण, पण हिरालाल खोटं बोलतो एवढं तर म्हणशील की नाही? लक्ष्मणराव म्हणाले, खोटं असं नाही म्हणता येणार, पण त्यानं चारचौघांत बोलायला नको होतं.

भय्याजींना वाटलं, या माणसाच्या हातातला विळा घेऊन लांब फेकावा. ते तसेच परतले. वाटेवर त्यांना एकेक सामना आठवत गेला, आणि दर सामन्यात आपण चढाईला उठलो तेव्हा समोर किती जण उभे होते ते आठवायचा ते प्रयत्न करत राहिले. काही ठिकाणी सात दिसले. मग ते सात आपणच उभे करतो आहोत की काय, असं वाटून त्यांना स्वतःचाच राग आला, आणि तो फिरून हिरालालवर गेला. त्या काळी जिंकून आलं की मिरवणूक भय्याजींच्या घरापर्यंत यायची, ओसरीत पंगत बसायची, आणि हिरालाल चौकातूनच आपल्या मोहल्ल्याकडे वळायचा. भय्याजींना त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. तो थकत असेल, असंच ते धरून चालले होते. आता त्यांना वाटलं, इतकी वर्षं हा मनात हेच घेऊन जात होता.

दिवाळीनंतर गावची मंडई भरायची. त्या दिवशी जुन्या खेळाडूंचा एक सामना ठेवायचा, असं भय्याजींनी मंडळाच्या पोरांना सांगितलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हिरालाल. मी चढाई करतो, त्यानं धरून दाखवावं. पोरं खूश झाली आणि निरोप घेऊन गेली. हिरालालनं सांगून पाठवलं की मला काही दाखवायचं नाही, मला विचारलं ते मी सांगितलं, विषय तिथं संपला.

दुकानात हा निरोप सगळ्यांसमोर सांगितला गेला. कुणीतरी म्हणालं, भ्याला. दुसरं कुणीतरी हळूच म्हणालं, भ्याला कशाला, त्याला गरज काय? भय्याजींनी दुसरं वाक्य तेवढं ऐकलं.

तळ्याखाली हिरालालची एक बांधी होती. तो ड्युटीवर असायचा, म्हणून ती त्याची म्हातारी आई बायजाबाई पाहायची. उशिरा पिकणारा भारी धान नुकता निसवत होता. अशा वेळी शेवटचं पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाहीतर लोंबीत नुसता पोचा राहतो. पाण्याची पाळी ठरवायचे भय्याजी. तळ्याचं तुडूम उघडून पाटात पाणी सोडणाऱ्या माणसाला त्यांनी बोलावून सांगितलं की यंदा त्या टोकाच्या बांधीची पाळी शेवटी ठेव. शेवटी म्हणजे कधी, असं त्यानं विचारलं. भय्याजी म्हणाले, मी सांगीन तेव्हा.

पाणी शेजारच्या सगळ्या बांध्यांत फिरलं. बायजाबाईच्या बांधीच्या तोंडाशी मातीचं ढेकूळ लावून ठेवलं होतं. आठवडा गेला. वरून ऊन तापत होतं, आणि बांधीतल्या जमिनीला भेगा दिसायला लागल्या. येता-जाता लोक पाहायचे, पण ढेकूळ काढायला कुणाचा हात पुढं झाला नाही. लक्ष्मणरावांची बांधी अगदी लागून होती. तेही मान खाली घालून जायचे.

शेवटी बायजाबाईच भय्याजींच्या दारात आली. ओसरीच्या खाली अंगणात उभी राहिली. सत्यभामाबाईंनी वर बसायला सांगितलं तरी ती बसली नाही.

"भय्याजी, मी रडाले आली नाई," ती म्हणाली. "एकच इचारते. खेळ तुमचा दोघाचा. माया धानानं तुमचं काय केलं?"

"तुया पोराले मैदानात पाठव, बायजाबाई. पानी आजच सुटते."

"म्हंजे तुमी पानी अडवलं, हे खरं हाय."

म्हातारीनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ती आली तशी गेली. सत्यभामाबाई दारातच उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी कामापुरतंच बोलायला सुरुवात केली. भय्याजींनी तेही हिरालालच्या खात्यावर टाकलं.

हिरालाल दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन आला. तोही अंगणातच उभा राहिला. म्हणाला, "खेळतो मी. मंडईच्या दिवशी येतो. पन पानी आता सोडा, मी इथीच उभा हाओ."

भय्याजींनी माणूस पाठवला. मग हिरालालला बजावलं की खेळायचं तर नीट खेळायचं, अंग चोरायचं नाही, ती तुझी पकड सगळ्या गावाला दिसली पाहिजे. पाणी सुटल्याचा आवाज पाटात आला तसा हिरालाल निघाला. बांधीचा उंच कोपरा तोवर गेलाच होता. बाकीचा धान वाचला.

मंडईच्या दिवशी शाळेसमोरच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. आजूबाजूच्या गावांतून बैलबंड्या आल्या होत्या. एकीकडे जिलेबीच्या कढया, एकीकडे बांगड्यांची दुकानं, आणि संध्याकाळच्या दंडारीच्या नाचगाण्याचा मांडव घालायचं काम चाललेलं. सामन्याची गोष्ट पाणी अडवल्याच्या गोष्टीसकट सगळीकडे पोहोचली होती. बायका शाळेच्या व्हरांड्यात बसल्या होत्या, त्यांत सत्यभामाबाईही होत्या. जरा लांब, आपल्या मोहल्ल्यातल्या बायकांबरोबर, बायजाबाई होती. पंच म्हणून साकोलीच्या शाळेतले खेळाचे मास्तर आणले होते.

भय्याजींनी बनियन आणि चड्डी घातली होती. पोट दिसत होतं, पण मांड्या अजून मजबूत होत्या. त्यांनी मातीला हात लावून कपाळाला लावला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांनी त्यांचं अंग हलकं झालं. इतक्या दिवसांचा सगळा जळफळाट आता पायांत उतरला होता. नाणेफेक जिंकून त्यांनी चढाई घेतली. समोर सात जण उभे होते. मुद्दाम सात. डाव्या बाजूला हिरालाल, उजवीकडे लक्ष्मणराव.

भय्याजींनी दम भरला आणि मध्यरेषा ओलांडली. कबड्डी कबड्डी म्हणत ते सरळ हिरालालवर गेले. त्यांना ठाऊक होतं, तो आधी मागं सरकणार, मग खाली वाकून घोट्याकडे झेपावणार. त्यांनी पाय पुढं टाकून हूल दिली. हिरालाल हलला नाही. तो हात पाठीमागं बांधून सरळ उभा होता. भय्याजींचा हात त्याच्या खांद्याला लागला. ते उडी मारून परत आले. पंचांनी गुण दिला. हिरालाल शांतपणे बाहेर जाऊन बसला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण कमी. काय झालं ते बऱ्याच जणांना कळलंच नव्हतं.

मग लक्ष्मणराव चढाईला आले आणि त्यांनी भय्याजींच्या बाजूचा एक गडी टिपला. त्यामुळे हिरालाल परत आत आला. भय्याजी पुन्हा गेले. या वेळी हिरालाल दोन पावलं पुढं आला आणि त्यानं आपला खांदा त्यांच्यासमोर धरला, जसा सदऱ्याचं माप देताना माणूस शिंप्यासमोर धरतो. भय्याजींना लावायचा नव्हता तरी हात लागला. आता मैदानाच्या एका बाजूनं हसू फुटलं. भय्याजी परत आले तेव्हा त्यांचे कान गरम झाले होते. त्यांनी पंचांना जाऊन सांगितलं की हा खेळत नाही. मास्तर म्हणाले, गुण तुम्हाला मिळून राहिला आहे, मी काय लिहू?

मधल्या चढाईत लक्ष्मणरावांनी आणखी एक गडी टिपला होता, त्यामुळे तिसऱ्या चढाईला समोर परत सात जण होते. भय्याजी आत गेले, आणि हिरालालच्या बाजूला न जाता उजवीकडे लक्ष्मणरावांवर गेले. लक्ष्मणरावांनी एकदा हिरालालकडे पाहिलं. मग त्यांनीही हात पाठीमागं घेतले. ते पाहून मधल्यानं घेतले, मग त्याच्या शेजारच्यानं. सातही जण हात पाठीमागं बांधून उभे राहिले. कुणी हसत नव्हतं. पंगतीला वाढप्याची वाट पाहावी तसे उभे होते.

भय्याजी मधोमध थांबले. तोंडानं कबड्डी कबड्डी चालू होतं, पण पाय कुठं टाकायचा ते कळत नव्हतं. सातांना हात लावून परत गेले असते तर सगळा संघ बाद झाला असता, असं त्यांनी जन्मात केलं नव्हतं. आणि ते केलं तर त्याचा अर्थ काय होईल ते मैदानातल्या शेवटच्या पोरापर्यंत सगळ्यांना कळत होतं. छातीतला दम कमी व्हायला लागला. हिरालाल हातभर अंतरावर होता, आणि त्याच्या तोंडावर ना राग होता ना आनंद.

"धर," भय्याजी ओरडले. "धर ना बे मले!"

पंचांची शिट्टी वाजली. दम तुटला होता. भय्याजी बाद.

मग व्हरांड्यात कुणीतरी बाई हसली, आणि तिच्यामागं सगळे हसले. पंचांच्या हाताखाली रेषा आखायला आलेली पोरं, जिलेबीवाले, बंड्यांवर उभी असलेली माणसं, सगळे. भय्याजींना ते हसू अंगावर माती फेकल्यासारखं लागलं. त्यांनी हात उचलला आणि हिरालालच्या तोंडावर मारला.

पहिली चपराक बसली. दुसरा हात मात्र खाली आलाच नाही. हिरालालनं मनगट वरच्यावर धरलं होतं. भय्याजींनी झटका दिला, अंग मागं टाकलं, दुसऱ्या हातानं त्याच्या छातीला रेटा दिला. मनगट सुटलं नाही. हिरालालच्या ओठातून रक्त येत होतं आणि तो नुसता धरून उभा होता. लोकांचं हसणं थांबलं. भय्याजी तोंडानं शिव्या देत होते, आणि हळूहळू त्या शिव्याही थांबल्या, कारण हात बधिर व्हायला लागला होता. या पकडीच्या जोरावर आपण केवढे सामने जिंकलो हे त्यांना त्या वेळी कळलं, आणि त्यासाठी हिरालालचा त्यांना जेवढा द्वेष वाटला तेवढा आधी कधीच वाटला नव्हता.

मग हिरालालनं स्वतःच हात सोडला. "झालं?" एवढंच म्हणाला, आणि मैदानाबाहेर जाऊन आईच्या बाजूला बसला. बायजाबाईनं पदरानं त्याचा ओठ पुसला. सामना तिथंच संपला. संध्याकाळी दंडार झाली, पण भय्याजी तिला गेले नाहीत.

घरी सत्यभामाबाईंनी मनगटाला लावायला हळद गरम करून आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली, लावून दिली नाही.

"पाह्यला तुमचा खेळ," त्या म्हणाल्या.

पुढच्या जानेवारीत पाणीवाटपाची बैठक झाली. लक्ष्मणराव उभे राहिले आणि त्यांनी दुसऱ्याच माणसाचं नाव सुचवलं. कारण सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. हात वर झाले. भय्याजी बैठकीतून उठून आले ते परत कधी तिथं गेले नाहीत. पुंडलिकरावांच्या दुकानातही त्यांनी पाय ठेवणं बंद केलं. तिथला खेळही मोडलाच. कुणी एखाद्या खेळाडूचं नाव काढलं की पुंडलिकराव म्हणायचे, कापड आणलं असेल तर दाखव, नाहीतर बाकावर दुसऱ्याला बसू दे. मंडळाच्या दारावर भय्याजींचं नाव तसंच राहिलं. ते पुसायला पाहिजे, एवढंही कुणाला वाटलं नाही.

हिरालालनं बदली मागितली नाही. त्याची गाडी सानगडीला येतच राहिली. भय्याजींनी मात्र एक नेम धरला. थांब्यावर गाडी आली की ते आधी पुढच्या काचेकडे पाहायचे. आत हिरालाल दिसला की पाठ फिरवायचे आणि पुढच्या गाडीची वाट पाहत उभे राहायचे. तहसिलीचं काम असो की कुणाची मयत, उन्हात दोन-दोन तास काढायचे, पण त्या गाडीत चढायचे नाहीत. सुरुवातीला लोक कुजबुजायचे, पुढं सवय झाली.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात त्यांची मुलगी रुखमिणी साकोलीच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी गेली आणि अडली. दुपारी निरोप आला तसे नवरा-बायको थांब्यावर आले. सत्यभामाबाईंच्या हातात कापडात बांधलेली भाकर आणि जुन्या लुगड्यांचं गाठोडं होतं. ऊन असं होतं की डांबर पायाला चिकटत होतं. गाडी आली. स्टिअरिंगवर हिरालाल होता.

"दुसरी येते," भय्याजी म्हणाले.

"दुसरी सांजच्याले हाय."

"येऊ दे सांजच्याले."

"पोरगी तिथं मरून राहिली," सत्यभामाबाई म्हणाल्या, "आन तुमी अजून त्याले हरवून राहिले."

त्यांनी गाठोडं वर ठेवलं, दांडी धरली आणि गाडीत चढल्या. आत जाऊन खिडकीशी बसल्या आणि समोर पाहत राहिल्या. कंडक्टरनं घंटी मारली. हिरालालनं लगेच गाडी काढली नाही. इंजिन चालू ठेवून तो बाजूच्या आरशात पाहत राहिला, इतर कुणासाठी थांबला असता त्याहून जास्त वेळ. भय्याजींना तो आरसा दिसत होता आणि आरशातला चेहराही. ते हलले नाहीत. कंडक्टरनं दुसऱ्यांदा घंटी मारली, आणि गाडी गेली.

ते संध्याकाळच्या गाडीनं पोहोचले. दवाखान्याच्या व्हरांड्यात सत्यभामाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर कापडात गुंडाळलेलं मूल होतं. मुलगी झाली, रुखमिणी बरी आहे, असं त्यांनी सांगितलं. आपण कसे आलो, जेवलो की नाही, हे त्या विचारतील म्हणून भय्याजी थोडा वेळ उभे राहिले. मग नळावर जाऊन त्यांनी तोंड धुतलं, आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.